आधी फ्रॅडोचं हसू वाच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

लघुप्रबंधाचा प्रस्ताव मिळाला. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी कृष्णवर्णीय लेखिकेची, हॅरिएट विल्सनची, कादंबरी निवडलीस म्हणून तुझ्या विभागात कुणी नाक मुरडलं असेल तर खुशाल मुरडू दे. माझी हरकत विषयाला नाही, शीर्षकाला आहे. ‘हरवलेल्या आक्रोशाचा दस्तऐवज’. तीन शब्दांचं शीर्षक, आणि तिन्ही शब्दांशी माझं भांडण. मार्गदर्शकांकडे जाण्याआधी तू माझं मत मागितलंस, तर आता ऐक.

पुस्तक हरवलं होतं असं आपण म्हणतो तेव्हा ते कुठल्यातरी अडगळीत पडून होतं आणि कुणाच्या दृष्टीस पडलं नाही, असं डोळ्यांसमोर येतं. इथं तसं नव्हतं. ५ सप्टेंबर १८५९ रोजी बोस्टनच्या जॉर्ज सी. रँड अँड एव्हरी या छापखान्यातून हे पुस्तक बाहेर पडलं. प्रती विकल्या गेल्या, घराघरांत राहिल्या, ग्रंथालयांत पोहोचल्या. ग्रंथसूचीतसुद्धा त्याची नोंद आहे. मन्रो वर्क या कृष्णवर्णीय विद्वानानं १९२८ साली आफ्रिकी आणि अमेरिकी कृष्णवर्णीयांविषयीच्या लिखाणाची प्रचंड सूची केली, तीत हे नाव सापडतं. सापडतं कुठं, तर कृष्णवर्णीयांविषयी गोऱ्या लेखकांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांच्या यादीत! म्हणजे पुस्तक डोळ्यांसमोर होतं, फक्त चुकीच्या कप्प्यात होतं. तुझ्या प्रबंधाचा पहिला प्रश्न इथं आहे, आणि प्रस्तावात तो कुठंच नाही.

आता पुस्तकानं स्वतःविषयी काय सांगितलं होतं ते बघ. नावातलं संबोधन म्हणजे शिवीच आहे, आज अमेरिकेत वर्गात उच्चारतानाही शिक्षक अडखळतात. मी एकदाच लिहिते: ‘अवर निग’. घरातल्या गोऱ्या माणसांनी मोलकरणीला ठेवलेलं हे नाव. लेखिकेच्या नावाच्या जागीही तेच, अवतरणचिन्हांत छापलेलं. पान उलटलं की स्वामित्वहक्काच्या ओळीत मात्र ‘मिसेस एच. ई. विल्सन’. कादंबरी तृतीयपुरुषात आहे, ‘फ्रॅडो’ नावाच्या मुलीची. पण पहिल्या प्रकरणाचं नाव ‘मॅग स्मिथ, माझी आई’, दुसऱ्याचं ‘माझ्या वडिलांचा मृत्यू’, तिसऱ्याचं ‘माझ्यासाठी नवं घर’. मजकुरात ‘ती’ आणि मथळ्यात ‘मी’. प्रस्तावनेत ती लिहिते की आप्तांनी टाकलं, तब्येत ढासळली, स्वतःचं आणि मुलाचं पोट भरण्यासाठी हा प्रयोग करते आहे. आणि आपल्या वर्णाच्या बांधवांना पुस्तक विकत घेण्याची विनंती करते. याहून स्पष्ट कसं सांगायचं? तरी एवढं खोलवर कुणी पाहिलं नाही. गुलाम नसलेल्या, उत्तरेतल्या, शाळेत जेमतेम तीन वर्षं आणि तीही वर्षातले तीन महिने गेलेल्या कृष्णवर्णीय मोलकरणीनं कादंबरी लिहिली असेल, हे कुणाच्या कल्पनेत बसलं नसावं.

१९८१ च्या सुमारास समीक्षक हेन्री लुई गेट्स यांना न्यूयॉर्कमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची प्रत मिळाली. १९८३ साली त्यांनी ती पुन्हा छापून आणली. वर्तमानपत्रांनी ‘दुकानात सापडलेलं पुस्तक’ ही गोष्ट उचलली, आणि तूही प्रस्तावाची दोन पानं त्यावर खर्च केली आहेस. अर्धं पान ठेव. दुकानात पुस्तक मिळणं हा नशिबाचा भाग आहे. त्यानंतरचं काम नशिबाचं नव्हतं, त्यावर लिही.

ते काम असं. लेखिका कृष्णवर्णीय होती हे सिद्ध कसं करायचं? १८५० च्या खानेसुमारीत न्यू हॅम्पशरमधल्या मिलफर्ड गावी हॅरिएट अ‍ॅडम्स नावाची कृष्णवर्णीय तरुणी एका घरात राहत असल्याची नोंद मिळाली. पुढे थॉमस विल्सनशी लग्न. सगळ्यात भक्कम पुरावा निघाला एका मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यात. जॉर्ज मेसन विल्सन, वय सात वर्षं, मृत्यू तापानं, फेब्रुवारी १८६०. आईबापांची नावं थॉमस आणि हॅरिएट ई. विल्सन. वर्णाच्या रकान्यात ‘काळा’. ज्या मुलाला वाढवता यावं म्हणून तिनं पुस्तक छापलं, तो पुस्तक आल्यावर सहा महिन्यांच्या आत गेला. आणि त्याच्याच दाखल्यानं शंभरावर वर्षांनी त्याच्या आईचं लेखिकापण शाबीत केलं. गेट्स यांनीही हा दैवदुर्विलास नोंदवला आहे. त्यावर तू आणखी काही बोलू नकोस, दाखला तसाच ठेव.

पुढचं काम इतरांनी केलं. बार्बरा व्हाइट यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं की कादंबरीतलं, फ्रॅडोला राबवणारं बेलमाँट कुटुंब म्हणजे मिलफर्डचं हेवर्ड कुटुंब. हे कळल्यावर एक मोठी गंमत उघडी पडली. मिलफर्ड हे गुलामगिरीविरोधी चळवळीचं गाव. देशभर मुक्तीची गाणी गात फिरणारं हचिन्सन गायककुटुंब याच गावचं, आणि हेवर्डांचे या घराण्याशी नातेसंबंध. प्रस्तावनेत विल्सन म्हणते की आमच्या गुलामगिरीविरोधी सज्जन मित्रांना शरम वाटेल असं पुष्कळ काही मी मुद्दाम गाळलं आहे. ही ओळ शंभर वर्षं लोकांनी विनय म्हणून वाचली असेल. मिलफर्ड कळल्यावर ती पुन्हा वाच. सभ्य शब्दांत दिलेली तंबी आहे ती.

त्याच वर्षी एरिक गार्डनर यांनी उरलेल्या प्रतींवर कुणाची नावं आहेत ते तपासलं. बहुतेक मालक गोरे, मिलफर्डच्याच आसपासचे, आणि त्यांत वीस वर्षांखालची मुलं बरीच. बोस्टनच्या चळवळीतल्या मोठ्या माणसांकडे पुस्तक पोहोचलंच नाही असं दिसतं; पोहोचलं ते शेजारच्या घरांत, बोधपर गोष्टींचं पुस्तक म्हणून. हा तपशील मला दाखल्याइतकाच मोलाचा वाटतो. हिच्यावर अन्याय झाला हे सांगणारं पुस्तक, अन्याय करणाऱ्यांच्या शेजारणी आपल्या पोरांना वाचायला देत होत्या. त्या पोरांना काय वाटलं असेल? याचं उत्तर तुला मिळणार नाही, पण प्रश्न प्रबंधात असायला हवा.

चळवळीनं दुर्लक्ष का केलं, हे मात्र अवघड नाही. त्याच बोस्टनमधून १८५२ साली हॅरिएट बीचर स्टोव यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी आली आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या तीन लाख प्रती खपल्या. कारण तिच्यातला राक्षस दक्षिणेतल्या मळ्यावर राहत होता. विल्सनच्या पुस्तकातली राक्षसीण न्यू हॅम्पशरच्या दुमजली पांढऱ्या घरात राहते आणि देवळात जाते. पुस्तक आल्यावर दीड महिन्याच्या आत गुलामगिरी उलथवायला निघालेल्या जॉन ब्राउननं हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला, दोन वर्षांच्या आत यादवी युद्ध पेटलं. उत्तर विरुद्ध दक्षिण अशी रेघ ओढली जात असताना, ती रेघ खोटी आहे म्हणणारी बाई कुणाला हवी होती? त्यात आणखी एक पाप तिनं केलं. फ्रॅडोचा नवरा सॅम्युअल हा पळून आलेला गुलाम म्हणून व्याख्यानं देत फिरतो, आणि त्यानं दक्षिण कधी पाहिलेलीसुद्धा नसते, असं तिनं छापून टाकलं. भोळ्या चळवळवाल्यांना खपणारं सोंग!

‘पहिली’ या शब्दाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत छापली गेलेली आफ्रिकी-अमेरिकी व्यक्तीची पहिली कादंबरी असं तू लिहिलं आहेस. तसं मानतात खरं. कृष्णवर्णीय लेखक विल्यम वेल्स ब्राउन यांची कादंबरी १८५३ सालची, पण लंडनला छापलेली, म्हणून ‘अमेरिकेत’ हा शब्द घालावा लागतो. पुढे काहींनी म्हटलं की विल्सनचं पुस्तक आत्मचरित्रच आहे, तेव्हा कृष्णवर्णीय स्त्रीची पहिली कादंबरी म्हणून ज्युलिया कॉलिन्सच्या १८६५ च्या अपुऱ्या कथामालिकेला मान द्यावा. या शर्यतीत पडू नकोस. एक तळटीप पुरे.

आता आक्रोश. इथं मला खरंच राग आला.

तू कादंबरीचा सारांश दिलास: सहा वर्षांच्या फ्रॅडोला तिची गोरी आई बेलमाँटांच्या दारात सोडून जाते, मालकीण तिला चाबकानं मारते, तोंडात लाकडाचा तुकडा खुपसते, केस कापते, आजारी असताना राबवते, अठराव्या वर्षी ती मोडलेलं शरीर घेऊन बाहेर पडते. सगळं खरं आहे. पण हा सारांश वाचून कुणाला वाटेल की पुस्तकात फक्त मार आहे. मेंढा कुठं गेला? कळपातला एक मस्तवाल मेंढा नेहमी पहिलं खाणं मिळवतो आणि फ्रॅडोला ढुशा देऊन पाडतो. फ्रॅडो खाण्याचं भांडं घेऊन नदीच्या उंच काठाच्या अगदी कडेला उभी राहते आणि हाक मारते. मेंढा सगळ्यांना मागे टाकून झेपावत येतो, ऐनवेळी ती बाजूला उडी मारते आणि मेंढा थेट नदीत. शेतातली माणसं पोट धरून जमिनीवर लोळतात. शाळेत मास्तरांच्या टेबलाच्या खणात ती सिगारचा धूर भरून ठेवते. मार खाणारी ही मुलगी वर्गातली सगळ्यांत मोठी वांड पोर आहे, आणि मुलांना ती आवडते.

ताटलीचा प्रसंग तर तू चक्क गाळला आहेस. सगळ्यांचं जेवण झाल्यावर फ्रॅडो मालकिणीच्या खुर्चीत बसते आणि स्वच्छ ताटली घ्यायला हात पुढे करते. तेवढ्यात मालकीण येते. स्वच्छ ताटली मिळायची नाही, माझ्या ताटलीत खा. उष्ट्या ताटलीत खाण्याचा हुकूम म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. बोस्टनच्या वाचकापेक्षा तो आपल्याला जास्त कळेल. फ्रॅडो क्षणभर घुटमळते. विल्सन तिथं एक बारीक गोष्ट नोंदवते: घरातल्या तिच्या आवडत्या माणसांच्या मागून त्याच ताटलीत खायला तिची ना नव्हती, नकोसं आहे म्हणूनच कर, हा जो हुकूम आहे तो जाचतो. मग फ्रॅडो ताटली उचलते, फिडो कुत्र्याला हाक मारते आणि त्याच्याकडून ती चाटून साफ करून घेते. काटा-सुरी टेबलावरच्या कापडाला पुसते आणि शांतपणे जेवायला बसते. मालकिणीच्या उष्ट्यापेक्षा कुत्र्याचं उष्टं बरं! मालकिणीचा मुलगा जॅक हसून बेजार होतो आणि अर्ध्या डॉलरचं चांदीचं नाणं तिच्याकडे फेकतो, पैसे मोजावेत असा खेळ होता म्हणून. पुढे तिला याबद्दल मार बसतोच. पण विल्सननं आधी हसू लिहिलं, मार नंतर.

लाकडांच्या ढिगाऱ्याचा प्रसंगही असाच. मालकीण काठी उगारते. फ्रॅडो ओरडते: थांबा! मारलंत तर यापुढे तुमचं कवडीचं काम करणार नाही. हातातली लाकडं टाकून ती उभी राहते. मालकीण इतकी चकित होते की काठी गळून पडते. इथवर कुणीही लिहिलं असतं. पुढचं वाक्य बघ: फ्रॅडो घराकडे चालू लागते आणि मागून मालकीण, जी लाकडं आणायला तिला पाठवलं होतं ती स्वतः उचलून घेऊन येते. या वाक्यातला मिस्कीलपणा जिला जमला, तिच्या पुस्तकाला आक्रोश म्हणायचं?

मुळात तिला दुःख विकता येत होतं, गिऱ्हाईक तयार होतं, आणि तरी तिनं वात्रटपणा ठेवला. म्हणून सांगते, कीव करून हे पुस्तक पुन्हा दुसऱ्या चुकीच्या कप्प्यात टाकू नकोस. १९२८ साली ‘गोऱ्यांचं’ म्हणून टाकलं गेलं, आता ‘बिचारीचं’ म्हणून टाकलं जाईल, एवढाच फरक.

लेखिकेच्या पुढच्या आयुष्यानंही हीच बाजू घेतली आहे. कादंबरीच्या शेवटी कुणीतरी तिला एक उपयुक्त कृती दिल्याचा उल्लेख येतो. पांढरे केस पूर्ववत करणाऱ्या औषधाची, हे परिशिष्टात कळतं. पुष्कळ वर्षं तो किरकोळ तपशील वाटला. मग मिसेस एच. ई. विल्सन या नावाच्या केशौषधाच्या जाहिराती निघाल्या, नाव कोरलेल्या काचेच्या बाटल्या निघाल्या. जिचे कुरळे केस मालकिणीनं कापून टाकले, तिनं केसांचं औषध विकून धंदा केला. यादवी युद्धानंतर ती बोस्टनला प्लँचेटवाल्या मंडळींत गेली, संचारात बोलणारी वक्ती म्हणून व्यासपीठांवर उभी राहिली, भाडेकरूंचं घर चालवलं. २८ जून १९०० रोजी क्विन्सी इथे तिचा मृत्यू झाला. यातलं बरंचसं गॅब्रिएल फोरमन आणि रेजिनाल्ड पिट्स यांनी स्थानिक कागद, दारिद्र्यमदतीचे हिशेब आणि त्या पंथाची वर्तमानपत्रं चाळून काढलं आहे. २००५ च्या आवृत्तीची त्यांची प्रस्तावना तू वाचलेली दिसत नाही. आधी ती मिळव. मूळ कादंबरी इंटरनेटवर फुकट आहे, पण त्या फुकट प्रतीवर प्रबंध उभा राहणार नाही.

दस्तऐवज या शब्दाबद्दल मघाशी अर्धं बोलून झालंच. तिन्ही मथळ्यांतला ‘मी’ चौथ्या प्रकरणापासून नाहीसा होतो. निष्काळजीपणा, की ठरवून केलेला खेळ? माझं मत बदलत राहिलं आहे. पण दाखल्यात असा प्रश्न पडत नाही, कादंबरीत पडतो. शेवटही बघ. बेलमाँट कुटुंबातलं कोण मेलं, कोण कुठं गेलं हे सांगून ती म्हणते, बायबलमधल्या प्याला देणाऱ्याला योसेफाचा विसर पडला तशी ही माणसं फ्रॅडोला विसरली. फ्रॅडो मात्र त्यांचा माग काढणं सोडणार नाही, माणसाच्या नजरेपलीकडे जाईपर्यंत. थोडं आधीच हीच बाई वाचकांकडे मदत मागत होती! या दोन आवाजांवर एक पूर्ण प्रकरण लिहिता येईल.

महात्मा फुल्यांवरचं तुझं प्रकरण ठेव, पण उलटं कर. १८७३ साली ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना लिहिली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. तू म्हणतेस, दोघांचं दुःख एक. असेलही. मला त्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की ज्या सदाचारी उत्तरेकडे पुण्यातून एक माणूस आशेनं पाहत होता, तिच्याच पांढऱ्या घरातली गोष्ट विल्सन चौदा वर्षं आधी सांगून बसली होती, आणि हे फुल्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता, कारण ते खुद्द उत्तरेपर्यंत पोहोचलं नव्हतं. यानं फुल्यांचं काही उणं होत नाही. तुलनाच करायची असेल तर ताराबाई शिंद्यांकडे जा. ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ ची, आणि स. गं. मालशे यांनी ती १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणली. ताराबाईंची जीभ कशी चालते ठाऊक आहे ना? तिथं आपण आक्रोश म्हणत नाही, फटकारे म्हणतो. विल्सनला एवढं तरी दे. मात्र हे चार पानांत आटप. प्रबंध न्यू हॅम्पशरचा आहे.

आता काम सांगते. नवा प्रस्ताव इतक्यात नको. ताटलीच्या प्रसंगावर दोन पानं लिही, वेदना, शोषण, व्यथा, आक्रोश हे शब्द न वापरता. कोण हसतं, कुणाला हसायची मुभा आहे, नाणं कोण फेकतं आणि फ्रॅडो ते घेते तेव्हा नेमकं काय होतं, एवढंच. जॅकच्या नाण्याबद्दल मला शंका आहे, तुझं मत हवं. दिवाळीच्या आत पाठव. नंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि डॉक्टरांनी वाचायला महिनाभर बंदी घातली आहे.

तुझी,
बाई